इनिगोचं डोकं आणि ढगातला हवालदार

१

चोर सापडला. डोकंही सापडलं. चोराने पोलिसाला चहा पाजला, पोलिसाने चोराची माफी मागितली, आणि ज्या निरपराध माणसावर आळ आला होता त्याला गावाने एक केक दिला. केकवर नाव चुकलेलं होतं.

पण यातलं काहीही घडलेलं नाही. लोअर मंबलफर्ड गावाने तसं एकमताने ठरवलं आहे. एकमताने म्हणजे, ठराव मांडला तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरून चालू, आणि जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगू.

हवालदार क्लेमंट हसकिन्स ढगात लटकला होता.

हा अलंकार नव्हे. ढग लाकडी चौकटीचा होता, वरून कापूस आणि मलमल. आत बाकडं, बाकड्यावर सोनेरी घागरा नेसलेला हसकिन्स आणि त्याच्या हातात पत्र्याची वीज. दरवर्षी जूनअखेर गावच्या बागेतल्या दगडी मंडपापुढे मुखवट्यांचं नाटक होतं आणि शेवटी देवांचा राजा ज्युपिटर ढगातून उतरून गावाला आशीर्वाद देतो. यंदा ज्युपिटरचा मान हसकिन्सला मिळाला, कारण घागरा दुसऱ्या कोणाला होत नव्हता.

हा सगळा खटाटोप इनिगो जोन्सपायी. रोमन थाटाचे खांब आणि कमानी इंग्लंडात रुजवणारा पहिला मोठा वास्तुकार तो, आणि राजदरबारच्या नाटकांत लाकडी ढगांतून देव उतरवणारा नेपथ्यकारही तोच. त्याने खरोखर बांधलेल्या इमारती बोटांवर मोजता येतात. आपल्याकडची त्यानेच बांधली असं सांगणारी गावं मोजायला मात्र शेजाऱ्यांचीही बोटं उसनी घ्यावी लागतील. मंबलफर्ड त्यातलंच. मंडपाच्या दारावर कोनाडा आणि कोनाड्यात इनिगोचं दगडी डोकं. टोकदार दाढी, बसकी टोपी, आणि कोणाचा तरी वाकडा खांब पाहिल्यासारखा चेहरा.

नाटकाच्या शेवटी रोम रंगवलेला मागचा पडदा वर जातो, गाव उठून उभं राहतं, टोप्या निघतात आणि इनिगोचा जयजयकार होतो. ही चाल कोणी पाडली ते माहीत नाही. मोडण्याची छाती मात्र कोणाची नव्हती.

त्या दुपारी पडदा वर गेला. टोप्या निघाल्या. कोनाडा रिकामा होता.

गावाने रिकाम्या कोनाड्याचा जयजयकार केला, अगदी शेवटपर्यंत. मध्येच थांबणं बरं दिसलं नसतं.

ढगातल्या हसकिन्सला फक्त टकलं दिसत होती. "काय झालं?" तो ओरडला.

कोणी उत्तर दिलं नाही. ज्युपिटरला त्या जागी संवाद नव्हता.

२

"चोरी!" मेजर ओसवाल्ड थ्रिंग म्हणाले. ते गावसभेचे अध्यक्ष. नाटकात ऐन मधोमध मांडलेल्या 'राजाच्या खुर्ची'वर बसण्याचा मान त्यांचा. "लंडनच्या शिल्पतज्ज्ञ डॉक्टर व्हेनेबल्स उद्या दुपारी ते डोकं तपासायला येताहेत, आणि आज ते नाही! हसकिन्स, काय केलंस?"

"मी नुकताच उतरलोय, मेजर."

"घागरा काढ आधी."

हसकिन्सने घागरा काढला. आत गणवेश घालायचा राहिला होता. तेव्हा त्याने घागरा परत चढवला आणि तपास सुरू झाला.

मेजरांचं म्हणणं सरळ होतं. डोकं दगडी. ते हलवायला चार गडी लागतील आणि चार गडी कोणाला न दिसता पडद्यामागे जाणं शक्य नाही. एकट्याने ते हलवू शकेल असा गावात एकच इसम होता, उचलयंत्राचा ट्रॅक्टर बाळगणारा एम्लिन प्रोबर्ट. ढगाचा दोर ओढायला पडद्यामागेही तोच होता.

"शिवाय तो वेल्श आहे, बाहेरचा," मेजर म्हणाले.

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. म्हणून तर शेवटी सांगितलं."

शहरातल्या ठाण्यातून इन्स्पेक्टर ग्रिग्जचा फोन आला. मेजरांनी त्याला आधीच कळवलं होतं. "उद्या चहाच्या वेळेपर्यंत दुसरा कोणी सापडला तर ठीक. नाहीतर प्रोबर्टला घेऊन ये. बेड्यांसकट. आणि काय रे, चोरी झाली तेव्हा तू कुठे होतास?"

"घटनास्थळाच्या... वर, साहेब."

"वर म्हणजे?"

"वरच्या बाजूला."

"लेखी दे," ग्रिग्ज म्हणाला.

हसकिन्सने रिसिव्हर ठेवला. शेजारी मिस हेस्टर पार्जिटर उभ्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, नाटकाच्या दिग्दर्शिका, आणि दर वसंतात स्टुलावर चढून इनिगोचं डोकं धुण्याचा मान त्यांचा. तो त्यांना वडिलांकडून मिळाला होता आणि त्या कामात त्या कोणाची मदत घेत नसत. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्यांना कोपऱ्यात उभं केलं होतं. हसकिन्स दोन्ही अर्ध्यांत होता.

"बिचारा एम्लिन," त्या म्हणाल्या, आणि चहा न घेताच निघून गेल्या.

मिस पार्जिटर चहा न घेता निघाल्या, हे गावात आजवर घडलं नव्हतं.

३

एम्लिन प्रोबर्ट गोठ्याच्या पायरीवर बसून तळहातांना लोणी चोळत होता.

"आलास? बेडी कुठाय?"

"उद्या," हसकिन्स म्हणाला. मग त्यालाच ते कसंतरी वाटलं. "म्हणजे, गरज पडली तर. एम्लिन, पडदा वर जाईपर्यंत तू काय करत होतास?"

"तुला धरून बसलो होतो." एम्लिनने तळहात पुढे केले. दोन्हींवर दोराचे लालभडक वळ होते. "दोर अडकवायचा आकडा मोडलाय. गावसभेला दोनदा सांगितलं. मंडपाच्या मागे बसून दोन्ही हातांनी दोर धरला, दातांनीसुद्धा धरला असता. मी डोकं चोरायला गेलो असतो, तर तू कुठे असतास?"

"खाली."

"पडलास का?"

"नाही."

"मग?"

हसकिन्सने कपाळावर हात मारला. इतका साधा पुरावा! त्याचं न पडणं हीच एम्लिनची साक्ष होती, आणि ती त्याला लटकल्या लटकल्याच कळायला हवी होती.

"मग लिही तसं तुझ्या साहेबाला."

हसकिन्सने कागद काढला. 'मी' असं लिहिलं. पुढे 'सोनेरी घागऱ्यात ढगात बसलो होतो' असं लिहायचं होतं. ग्रिग्ज ते ठाण्यात मोठ्याने वाचणार, मग टेबलावर चढून वाचणार, मग नाताळच्या जेवणात वाचणार. हसकिन्सने कागदाची घडी घातली.

"आधी खरा चोर बघतो," तो म्हणाला. "म्हणजे याची गरजच पडणार नाही."

एम्लिनने त्याच्याकडे पाहिलं. "क्लेम, उद्या मला भर गावातून नेलंस ना, की संपलं. नंतर सुटलो काय आणि न सुटलो काय. बायको इथली, पोरं इथली, आणि मी जन्मभर 'तो प्रोबर्ट'."

हसकिन्सचे कान तापले. विषय बदलायला तो म्हणाला, "ढगात असताना मला खालून एक आवाज आला होता. अगदी कोनाड्यापासून. कोणीतरी हळूच 'सॉरी' म्हणालं."

"वा! म्हणजे संशयित आख्खं इंग्लंड," एम्लिन म्हणाला. "अरे, परवा पोस्टमन टपालपेटीला धडकला आणि तिला सॉरी म्हणाला. मी स्वतः ऐकलं. पेटीने काही मनावर घेतलं नाही."

हसकिन्स हसला. फाटकापर्यंत गेला आणि जागच्या जागी थबकला.

चार गड्यांचा दगड उचलताना माणूस कण्हतो. शिवी देतो. हळूच, गोड आवाजात सॉरी म्हणायला त्याच्या छातीत दम कुठून येणार?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी हसकिन्सने साक्षीदार गाठले. मधल्या रांगांत बसलेले त्याला शोधतच आले. खाटकाच्या मते हे रशियाचं काम होतं. औषधवाल्याच्या मते खाटकाचं. मेजरांनी तर आराखडा काढला होता, त्यात ट्रॅक्टर बाणाने दाखवला होता आणि एम्लिनला शिंगं होती.

"आणि पडद्यामागे काही दिसलं तुम्हाला?"

"मागे? छे! राजाच्या खुर्चीवरून फक्त रोम दिसतं. साक्षात रोम! इनिगोचीच युक्ती ती. सगळी रेखाटणी त्या एका खुर्चीसाठी. राजाला खरं वाटलं की झालं."

मग हसकिन्स डाव्या बाकावर बसलेल्यांकडे वळला. चहाचं दुकान चालवणाऱ्या मिसेस कॉब स्कोन भाजत होत्या.

"काल काय पाहिलंत, मिसेस कॉब?"

"हवा छान होती नाही, क्लेमंट?"

"चोरीबद्दल विचारतोय."

"थोडं वारं होतं. पण बोचरं नाही."

"कोणी चोरलं असेल, काही अंदाज?"

"मी सँडविचकडे बघत होते बाई." सँडविच काकडीचं होतं, त्यात इतका वेळ बघण्यासारखं काही नसतं. मग त्या घाईघाईने म्हणाल्या, "त्या मेल्या गांधीलमाश्यांचं काहीतरी कर. सगळा उन्हाळा उच्छाद मांडलाय."

"जॅमवर बसतात?"

"तेच तर! जॅमकडे ढुंकून बघत नाहीत. सगळ्या जाऊन इनिगोच्या मानेवर बसायच्या. बसून करवत चालवल्यासारखा आवाज. माझ्या जॅमपेक्षा त्या दगडात काय गोडी होती, देव जाणे."

डाव्या बाकावरचा दुसरा साक्षीदार म्हणजे पाद्री ॲम्ब्रोज लूम. प्रश्न ऐकून त्यांनी आकाशाकडे पाहिलं. हसकिन्सला वाटलं, प्रार्थना करताहेत.

"ढग आहेत," पाद्री म्हणाले.

"फादर, एका माणसाची अब्रू जातेय."

"पण पाऊस नाही पडायचा." त्यांची नजर अजून आकाशातच होती. "क्लेमंट, मला पुन्हा विचारू नकोस. खोटं बोलता येत नाही मला. हवेबद्दल काय ते विचार."

हसकिन्स बागेत गेला. रोमचा पडदा पुन्हा खाली सोडलेला होता. तो राजाच्या खुर्चीवर बसला. समोर रोम होतं. मग डाव्या बाकाच्या टोकाला जाऊन बसला. रोम फाटकन चिरलं. पडद्याच्या कडेपलीकडे मंडपाचं दार, रिकामा कोनाडा आणि खाली एक बुटकं स्टूल, सगळं लख्ख दिसत होतं.

डाव्या बाकाने चोरी पाहिली होती. आख्ख्या बाकाने. आणि बाक हवेबद्दल बोलत होतं.

५

मिस पार्जिटरांनी दार उघडलं. "ये, क्लेमंट. पाय पूस. तुला कळलं ना?"

"मी अजून विचारलंच नाही काही."

"तू लहानपणी गणित सुटलं की असाच रडवेला व्हायचास. बस, चहा घे."

टेबलावर किटलीला घालायच्या लोकरी टोप्या दोन होत्या, एक लहान, एक मोठी. हसकिन्सने मोठी उचलली. आतून इनिगो जोन्सने त्याच्याकडे नापसंतीने पाहिलं.

"ती नव्हे," मिस पार्जिटर म्हणाल्या, आणि लहान टोपीखालच्या किटलीतून चहा ओतला.

हसकिन्सने डोकं हातात घेतलं. पावाच्या लादीएवढंही वजन नव्हतं. समोरून ते गुळगुळीत, रंगवलेलं, पक्का दगड. मागे, मानेशी, गांधीलमाश्यांनी खरवडून खरवडून राखाडी लगदा उघडा पाडला होता.

"गांधीलमाशी लाकूड नि कागद खरवडते," तो म्हणाला. "पोळ्यासाठी. दगडाला ती कशाला तोंड लावेल? आणि दगड उचलणारा सॉरी म्हणत नाही. कोणाला म्हणालात ते?"

"इनिगोला. दाराला कान आपटला त्याचा."

"म्हणजे खरं डोकं..."

"हेच खरं डोकं." मिस पार्जिटर ताठ बसल्या होत्या. "मी लहान असताना बाबांच्या शिडीचा धक्का लागून ते खाली पडलं. बाबांनी डोळे मिटले, कान झाकले. फुटल्याचा आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर डोकं फरशीवर टुणकन उसळून गुलाबाच्या वाफ्यात गेलं होतं. तेव्हा कळलं की ते दगडी कधी नव्हतंच. कोण जाणे कुठल्या जुन्या नाटकातलं सोंग. आणि गाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यापुढे टोप्या काढतंय! कसं सांगणार? बाबांनी रंग दिला, परत ठेवलं. त्यांच्यामागे मी. लंडनची बाई हात लावणार म्हटल्यावर वाटलं, हसं होण्यापेक्षा चोरी झालेली बरी."

"आणि डावं बाक?"

"त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. इनिगो माझ्या काखेत. मिसेस कॉबने मान लववली, मी मान लववली. मग त्यांनी आकाशाकडे पाहिलं. फार चांगले लोक आहेत."

"चांगले?" हसकिन्सचा आवाज चढला. या घरात तो पहिल्यांदाच चढत होता. "मिस, एम्लिनला आज बेड्या पडणार आहेत! तुम्ही सगळे नुसते बघत राहिला असता?"

"मी सांगणारच होते."

"कधी?"

"तो सुटल्यावर." त्यांनी मान खाली घातली. केसांमधली भांगाची रेघ पांढरी दिसत होती. "कसं तोंड उघडायचं, क्लेमंट? सगळ्यांनाच इतकं अवघड झालं असतं."

हसकिन्सला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्याच्या खिशात कालचा कागद होता आणि त्यावर फक्त 'मी' लिहिलेलं होतं.

"माफ करा," तो पुटपुटला. "आवाज चढवायला नको होता."

६

डॉक्टर सिबिल व्हेनेबल्स दुपारी आल्या तेव्हा डोकं कोनाड्यात होतं. ते कसं आलं हे कोणी विचारलं नाही. मेजर नुसते म्हणाले, "अरे वा!" आणि शिंगांचा आराखडा खिशात घातला. डाव्या बाकावरून उजव्या बाकावर, तिथून मधल्या रांगांत, सकाळभरात न बोलता सगळं सर्वांना कळलं होतं.

"शिडी मिळेल का?" व्हेनेबल्सबाईंनी विचारलं.

मंबलफर्डमध्ये शिडी नव्हती. कोणाकडेच नव्हती. गवंडी म्हणाला, आपण शिडी कधी वापरत नाही, तत्त्वात बसत नाही.

बाईंनी खालूनच दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. "दगड," त्या म्हणाल्या. "फार जुना नाही. काम सामान्य. कोण्या हौशी माणसाने करून घेतलेलं दिसतं. वाईट वाटतं मला." दुर्बीण मिटता मिटता त्या हसल्या. "गंमत सांगू? असली दगडी डोकी ढिगाने पाहिली मी. पण तो माणूस नाटकांसाठी कागदाच्या लगद्याची डोकी करवून घेत असणार, आणि तसलं एकही माझ्या बघण्यात नाही. तुमचं डोकं कागदी निघालं असतं ना, तर मी इथे चिखलात गुडघे टेकले असते."

मंडपापुढे अख्खं गाव उभं होतं. मिस पार्जिटरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. पाद्र्यांनी डोळे मिटले. मागे, कुंपणापाशी, एम्लिन एकटा उभा होता. त्याच्या आजूबाजूला माणसांनी थोडी जागा सोडली होती, उगाच, सवयीने पडते तशी.

एकाने बोलायला हवं होतं. हसकिन्स एक पाऊल पुढे झाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या सगळ्या नजरा एकच विनवणी करत होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "पाऊस येईलसं वाटतं."

गावाने श्वास सोडला. बाई छत्री उघडून गाडीकडे गेल्या. आभाळ निरभ्र होतं.

त्या संध्याकाळी हसकिन्सने कागद पुरा केला. ढग, घागरा, पत्र्याची वीज, सगळं लिहिलं, आणि एम्लिनच्या तळहातांवरचे वळही लिहिले. ग्रिग्जने तो ठाण्यात मोठ्याने वाचला. टेबलावर चढून वाचला. मग फोन केला. "मस्त! पण डोकं जागेवर आहे ना? मग चोरी कसली? फाईल बंद. ज्युपिटर, आशीर्वाद असू दे."

गावाने एम्लिनकडे केक पाठवला. वर क्रीमने लिहिलं होतं, 'एमिलीला शुभेच्छा'. पण गुत्त्यात तो आला की गप्पा थांबत. बायका पिशव्या जवळ ओढत आणि ओढल्याबद्दल सॉरी म्हणत. चोरीच झाली नव्हती, त्यामुळे ती त्याने केली नाही असंही कोणाला म्हणता येईना. शेवटी हसकिन्स त्याच्या गोठ्यात गेला. पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसले आणि त्यांनी मिळून एक अर्ज लिहिला. तो गावसभेच्या फलकावर अजून लावलेला आहे.

"प्रति, मा. अध्यक्ष, गावसभा, लोअर मंबलफर्ड.
विषय: न झालेली चोरी न केल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार एम्लिन प्रोबर्ट, राहणार येथीलच, सविनय अर्ज करतो की, सदर दिवशी कोणतीही चोरी झाली नसल्याचे सभेच्या ठरावावरून समजते. तथापि ती अर्जदारानेच केल्याचे गावात सर्वांस वाटते. अर्जदाराच्या निर्दोषपणाचे साक्षीदार म्हणून संपूर्ण डावे बाक उपलब्ध असून, हवामानाखेरीज अन्य विषयावर त्यांची जबानी अद्याप नोंदवली गेलेली नाही. सबब विनंती की, जी चोरी झालीच नाही ती अर्जदाराने केलेली नाही, असा दाखला अध्यक्ष महोदयांनी सहीशिक्क्यानिशी, भर सभेत उभे राहून, अर्जदाराच्या डोळ्यांत बघून देण्याची कृपा करावी."